बुधवारची अडचण

“आणि अडचण?” मी विचारलं.

माणिकने मान हलवली नाही. एरवी या तिसऱ्या प्रश्नाला तो नुसती मान हलवायचा, मी वहीत त्याच्या नावापुढे ‘नाही’ लिहायचो आणि पुढच्या माणसाकडे वळायचो. त्या बुधवारी तो तसाच उभा राहिला. ओठ मिटलेले, डावा हात पँटच्या शिवणीवर घट्ट.

“आहे काही?”

“आ... आहे.”

आम्ही सहा जण पांढऱ्या फळ्यासमोर गोल करून उभे होतो. सकाळचे सव्वादहा झाले असतील. फळ्यावर तीन रकाने होते, ‘करायचं’, ‘चालू’ आणि ‘झालं’, आणि त्यांत पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या. शुक्रवारी ग्राहकाला काम दाखवायचं होतं. चिठ्ठ्या बहुतेक शेवटच्या रकान्यात सरकल्या होत्या, त्यामुळे मी खुशीत होतो. माझ्या हातात तुळशीबागेतून आणलेला टायमर होता, स्वयंपाकघरात अंडी उकडताना लावतात तसला, पिळायचा. माणशी दोन मिनिटं, हा माझा नियम होता.

“मो... मोबाइल नं... नंबर,” माणिक म्हणाला आणि थांबला. मान एका बाजूला कलली, डोळे मिटले गेले. शब्द अडला की त्याचं असंच व्हायचं. “ए... एकाच...”

टायमर वाजला.

“वेळ झाली, माणिक. आपण नंतर बोलू,” मी म्हणालो. “तन्वी, तू.”

तन्वी बोलली. तिच्यानंतर वैजयंतीताई बोलल्या. पंधरा मिनिटांच्या आत सगळं आटोपलं आणि लोक आपापल्या जागी गेले. मी वही मिटली.

या गोष्टीला आता तेरा वर्षं झाली. तेव्हा मी एकतीस वर्षांचा होतो आणि पुण्यात बावधनला एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत स्क्रम मास्टर होतो. हे पद माझ्या गळ्यात नवंनवं पडलं होतं. कंपनीने मला दोन दिवसांच्या कोर्सला पाठवलं, तिथून मी एक प्रमाणपत्र घेऊन आलो, ते फ्रेम करून टेबलावर ठेवलं, आणि नव्याने माळ घातलेला माणूस घरच्यांना जसा कांदा-लसणावरून छळतो तसा सगळ्यांना छळायला लागलो.

स्क्रम समजायला अवघड नाही. मोठ्या कामाचे दोन-दोन आठवड्यांचे तुकडे पाडायचे. रोज सकाळी सगळ्यांनी उभं राहून तीन गोष्टी सांगायच्या: काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय. पंधरवड्याच्या शेवटी झालेलं काम ग्राहकापुढे ठेवायचं आणि मग आपापसात बसून कुठे चुकलं ते बोलायचं. सगळं उघड असावं, सारखं तपासावं आणि तपासून काही चुकीचं निघालं तर लाज न बाळगता बदलावं, या तीन गोष्टींवर ते उभं आहे. आमच्या कोर्सच्या मास्तरांनी आणखी एक सांगितलं होतं: माणसांनी समोरासमोर बोलावं, कागदांमागे लपू नये. मला ते इतकं आवडलं की मी ऑफिसात फतवाच काढला. अडचण मेलवर पाठवायची नाही, चिठ्ठीवर लिहायची नाही, सकाळी गोलात उभं राहून तोंडाने सांगायची.

हा फतवा काढला तेव्हा माणिक पाथरीकर आमच्याकडे येऊन चार महिने झाले होते.

माणिक परभणी जिल्ह्यातला. सव्वीस वर्षांचा, काटकुळा, शर्टाचं वरचं बटणही लावणारा. तो बोलताना अडखळायचा. स्वतःचं नाव सांगायला त्याला सगळ्यात जास्त वेळ लागे, म्हणून पहिल्या दिवशी त्याने फळ्यावर खडूने, म्हणजे त्या मार्करने, नाव लिहून दाखवलं होतं. आमच्याकडे त्याची निवड झाली त्याचं कारण आमची परीक्षा लेखी होती. त्याआधी त्याने चौदा ठिकाणी मुलाखती दिल्या होत्या. हे त्याने मला एकदा चहाच्या टपरीवर सांगितलं, बरंचसं बोटांनी आणि थोडं तोंडाने.

“चौ... चौदा?” मी विचारलं. मी त्याची नक्कल करत नव्हतो, खरंच आश्चर्य वाटलं होतं, पण तसं ऐकू आलं असणार. तो हसला. हसणं त्याला न अडखळता जमायचं.

“नाव विचा... विचारतात. तिथेच सं... संपतं.”

सहा महिने झाले की त्याला कायम करायचं की नाही ते ठरणार होतं. कायम झाला तर मुलाखतींचा फेरा सुटणार होता. न झाला तर पंधरावी खुर्ची, पंधराव्यांदा नाव. हे मला माहीत होतं. त्या शुक्रवारी सहा महिने भरायला दहा दिवस बाकी होते, हेही माहीत होतं.

काम डॉ. करमरकरांचं होतं. पुण्यात त्यांच्या रक्ततपासणीच्या नऊ प्रयोगशाळा. पेशंटने मोबाइल नंबर टाकला की त्याचा रिपोर्ट फोनवर उघडेल, असं ॲप आम्ही बनवत होतो. ते लिहिण्याचं मुख्य काम माणिककडे होतं आणि तपासण्याचं वैजयंती सोहोनींकडे. वैजयंतीताई पंचेचाळिशीच्या, आमच्यात सगळ्यात मोठ्या. मला अरे-तुरे करत आणि मला ते आवडे.

शुक्रवारी अकरा वाजता डॉक्टर आले, बरोबर त्यांचे व्यवस्थापक. आमच्याकडून कंपनीचे मालक रणदिवे सर आणि आम्ही सहा जण. पडद्यावर मोबाइलचं चित्र दिसत होतं. तन्वीने बनवून ठेवलेल्या खोट्या पेशंटांचे तीन रिपोर्ट उघडले. सगळं छान चाललं होतं.

“खरे रिपोर्ट आहेत का यात?” डॉक्टरांनी विचारलं.

“हो सर, गेल्या महिनाभराचे, अगदी कालपर्यंतचे, सगळे तुमच्याकडून घेतलेत,” मी ऐटीत म्हणालो.

“मग माझाच नंबर टाकतो. परवा वडिलांची साखर तपासलीय.” त्यांनी नंबर टाकला.

पडद्यावर अक्षरं आली. नाव दत्तात्रय करमरकर, वय शहात्तर. चाचणी गरोदरपणाची. निष्कर्ष पॉझिटिव्ह.

कुणीतरी हसलं. बहुधा तन्वी. व्यवस्थापकही हसले, आणि खरं सांगायचं तर मीही हसलो. डॉक्टर हसले नाहीत. ते पडद्याकडे बघत राहिले आणि मग त्यांचे कान लाल झाले.

“आमच्या घरात सगळ्यांच्या तपासण्या माझ्या नंबरवर नोंदवतात,” ते हळू आवाजात म्हणाले. “ही माझ्या धाकट्या भावाच्या बायकोची तपासणी आहे. त्यांनी घरात अजून कुणाला सांगितलेलं नाही. मला हे आत्ता, तुम्हा सगळ्यांसमोर कळतंय.”

हसणं जागच्या जागी थांबलं.

“आणि हे तर काहीच नाही. उद्या एकाची साखर दुसऱ्याच्या नावावर गेली आणि त्याने इन्सुलिन घेतलं, तर? आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या घरांत एकच नंबर असतो. हे तुमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही?”

मी माणिककडे बघितलं नाही. तो माझ्याकडे बघत होता की नाही, ते त्यामुळे मला सांगता येणार नाही.

डॉक्टरांनी आम्हाला पंधरा दिवस दिले आणि जाता जाता रणदिवे सरांना म्हणाले, “हे ज्याने केलंय त्याला माझ्या कामावर ठेवू नका.”

दुपारी तीन वाजता रणदिवे सरांनी मला आणि माणिकला केबिनमध्ये बोलावलं. सर दुष्ट नव्हते. घाबरलेले होते. करमरकरांचं काम हातचं गेलं असतं तर आमच्यातल्या तिघांना तरी घरी पाठवावं लागलं असतं.

“कोड कुणी लिहिला?”

“मी,” माणिक म्हणाला. हा शब्द मात्र अडखळला नाही.

“मग तुला दिसलं नाही हे?”

“दि... दिसलं. मी... बु... बु...” त्याचे डोळे मिटले. खोलीत एसीचा आवाज येत होता. सर पेनाचं टोपण काढत होते, लावत होते. “बुध... वारी...”

“बुधवारी काय?” सरांनी माझ्याकडे हात केला. “वही दे.”

वही माझ्या हातातच होती. ती सरांना फार आवडायची. कुणी काय केलं, कुणाला काय अडलं, सगळं एका जागी, तारखेनिशी; ऑफिसात आलेल्या पाहुण्यांना ते ती उघडून दाखवत. सरांनी पानं उलटली आणि बुधवारवर बोट ठेवलं.

“पाथरीकर. अडचण: नाही.” त्यांनी वर बघितलं. “मंगळवारी नाही. सोमवारी नाही. पंधरा दिवसांत एकदाही नाही. अमोघ, हे तूच लिहितोस ना?”

“हो सर.”

“तो बोलला होता?”

माणिकने टेबलावरचा कागद ओढला आणि खिशातलं पेन काढलं.

“लिहून काय देतोस आता? तोंड आहे ना? बोल की!” सर वैतागून म्हणाले.

माणिकने पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. या वेळी मात्र मी त्याच्याकडे बघितलं, म्हणून मला आठवतं. तो विनवत नव्हता. वाट बघत होता. मी त्याच्या बाजूने बोलायचं एक वाक्य बाकी आहे आणि ते आता येईलच, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं.

“स्पष्ट असं काही बोलला नव्हता,” मी म्हणालो.

सरांनी सुस्कारा टाकला. माणिकला कायम करता येणार नाही, पुढचा शुक्रवार शेवटचा दिवस, असं ते जमेल तितक्या सौम्यपणे म्हणाले. माणिक उठला, खुर्ची नीट आत सरकवली आणि गेला.

सोमवारी आमची मागे वळून बघायची बैठक होती, म्हणजे कुठे चुकलं ते बोलायची. मी चिठ्ठ्या वाटल्या. नाव लिहायचं नाही, मनातलं मोकळेपणाने लिहायचं. माणिक आला नाही, त्याला मीच सांगितलं होतं की तू नाही आलास तरी चालेल. पाच चिठ्ठ्या आल्या. ‘वेळ कमी पडला’, ‘खऱ्या रिपोर्टांवर आधी तपासायला हवं होतं’, ‘टीमवर्क चांगलं’, ‘टीमवर्क चांगलं’, आणि एक कोरी. मी त्या फळ्यावर लावल्या. चूक एकट्याची नसते, सगळ्या टीमची असते, असं एक वाक्यही मी बोललो. कोर्समध्ये ते लिहून घेतलं होतं.

बाकीचे गेल्यावर वैजयंतीताई बसून राहिल्या.

“कोरी माझी आहे,” त्या म्हणाल्या.

“का हो?”

“अमोघ, त्याचं वाक्य पूर्ण झालं होतं.”

मी चिठ्ठ्या काढायला लागलो. एक एक करत, सावकाश.

“मी त्याच्या शेजारीच उभी होते,” त्या म्हणाल्या. “एकाच नंबरवर घरातली दोन माणसं आली तर रिपोर्ट बदलतात. असं म्हणाला तो. वेळ लागला त्याला, पण म्हणाला. तन्वीनेही ऐकलं. सगळ्यांनीच ऐकलं.”

“मग बोलला का नाहीत तुम्ही?”

“तू बोलशील असं वाटलं.” त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. “आणि खोटं कशाला बोलू, माझं तपासणं अर्धंच झालं होतं. मीही त्या दिवशी अडचण नाही म्हणून मोकळी झाले होते. तुझ्या त्या फळ्यावर सगळं ‘झालं’च्या रकान्यात होतं ना! मागे ओढायला कुणाचा हात होणार?”

सुरुवातीला मी लिहिलं आहे की माणिक ‘एकाच’ इतकंच म्हणाला आणि टायमर वाजला. तेरा वर्षं मी हे असंच सांगत आलोय, बायकोलासुद्धा, आणि आज लिहायला बसलो तरी हात त्याच वळणाने गेला. पण तसं झालं नव्हतं. त्याचं वाक्य पूर्ण झालं. मला ते कळलंही, एका क्षणात, अगदी लख्ख कळलं. मोबाइल नंबर हीच पेशंटची ओळख धरायची, ही कल्पना माझी होती. रणदिवे सरांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली होती तिच्यासाठी. ती चुकलीय असं बुधवारी मान्य केलं असतं, तर अर्ध्या चिठ्ठ्या परत पहिल्या रकान्यात न्याव्या लागल्या असत्या आणि शुक्रवारी डॉक्टरांना सांगावं लागलं असतं की काम झालेलं नाही. अजून वीसेक सेकंद उरले होते. मी टायमर शून्यावर पिळला. तो वाजला, आणि मी तन्वीला म्हणालो, तू. मग वहीत ‘नाही’ लिहिलं.

“अजून शुक्रवार यायचाय,” वैजयंतीताई म्हणाल्या. “सरांना जाऊन सांग. मी येते बरोबर.”

“मी सांगतो,” मी म्हणालो. “तुम्ही नका येऊ.”

मी सरांच्या केबिनपर्यंत गेलो होतो. ते फोनवर होते. त्यांनी काचेतून, काय, अशी खूण केली. मी, काही नाही, अशी केली आणि काढता पाय घेतला. मंगळवारी पुन्हा जाणार होतो. बुधवारीही.

शुक्रवारी संध्याकाळी माणिक आपली बॅग घेऊन खाली उतरला. आठवडाभरात त्याने ती चूक स्वतःच दुरुस्त केली होती. नंबराबरोबर नाव आणि जन्मसाल जुळवायचं, असा साधा उपाय, आणि तो कसा करायचा ते तन्वीला बसून समजावलंही होतं. मी त्याला गाठायला जिन्याने धावत गेलो. काय बोलणार होतो ते मला माहीत नव्हतं.

“माणिक.”

तो थांबला. त्याला काहीतरी सांगायचं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्याला पुरता वेळ दिला. फाटकापाशी उभे राहिलो, पार्किंगमधून दोन गाड्या निघून गेल्या, मी मध्ये एकही शब्द घातला नाही.

“के... केबिनमध्ये सा... साहेब होते समोर. म... मला कळतं, सर. तुमचीपण नो... नोकरी आहे.”

मी मान खाली घातली.

“पण... उद्या दुसरीकडून फो... फोन आला... चौकशीचा... तर सां... सांगा. मी बो... बोललो होतो म्हणून.”

“सांगेन,” मी म्हणालो. “नक्की सांगेन. माझं नाव दे तू.”

त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते खरं होतं. परत जिना चढताना मला हलकं वाटत होतं, याची आज लाज वाटते.

पुढे करमरकरांचं काम वेळेत झालं. माणिकचाच उपाय त्यात होता. रणदिवे सरांनी मला बढती दिली आणि दार असलेली खोली दिली. आता मी स्वतंत्रपणे कंपन्यांमध्ये जाऊन स्क्रम शिकवतो. मोकळेपणा, आदर, धैर्य असे शब्द मी फळ्यावर लिहितो आणि समोरची पोरं ते वहीत उतरवून घेतात.

तो फोन माणिक गेल्यावर तीन महिन्यांनी आला. नाशिकच्या एका कंपनीतून, बाई बोलत होत्या. आवाज प्रसन्न होता.

“माणिक पाथरीकर म्हणून एक जण आलेत आमच्याकडे. लेखी परीक्षेत पहिले आलेत. संदर्भ म्हणून तुमचं नाव दिलंय.”

“हो, ओळखतो ना.”

“काम कसं आहे?”

“उत्तम. त्याच्यासारखा स्वच्छ कोड आमच्याकडे कुणी लिहीत नव्हतं.”

“आणि स्वभाव?”

“फार सज्जन मुलगा.”

“मग तुमच्याकडे कायम का नाही केलं?”

माझ्या खोलीचं दार बंद होतं. रणदिवे सर त्या आठवड्यात मुंबईला होते. समोर कुणी नव्हतं, त्यामुळे कुणाच्या भीतीने बोललो असंही मला म्हणता येत नाही. खरं सांगितलं असतं तर या बाई विचारणार होत्या, मग तुम्ही त्या वेळी काय केलंत? फक्त तेवढ्यासाठी. एका अनोळखी बाईचं माझ्याबद्दल वाईट मत होऊ नये म्हणून.

“हुशार आहे,” मी म्हणालो. “फक्त अडचण असली तर वेळेवर सांगत नाही.”

“असं होय!” त्या म्हणाल्या. पलीकडे त्या काहीतरी लिहून घेत होत्या. “बरं झालं बोललात. आमच्याकडे रोज सकाळी सगळे उभे राहून बोलतात हो. तिथे हे फार लागतं.”

“हो,” मी म्हणालो. “लागतं.”